मुलतानी आणि चार सेल

सरला पोंक्षेला आयुष्यात कुठलंही मोजमाप दुसऱ्यांदा करावं लागलं नव्हतं. चंदीगडच्या एका मोठ्या हॉस्पिटलात ती सतरा वर्षं रक्ताचे नमुने तपासत होती. तिच्या हातचा आकडा आला की डॉक्टर एकवेळ पेशंटवर अविश्वास दाखवत, पण आकड्यावर नाही. घरीही तोच खाक्या. साबुदाणा वजन करून भिजायचा. कुकरच्या शिट्ट्या मोजणं तिला अडाणीपणा वाटे, ती घड्याळ लावी. "माणूस चुकतो, यंत्र चुकत नाही," हे तिचं आवडतं वाक्य होतं. तिचा नवरा कृष्णकांत म्हणायचा, "आमच्याकडे चिमूटभर मीठसुद्धा दशांश चिन्हासकट पडतं."

तेव्हा सरोजमावशींचा मुलतानी चोरून टेप करायचा असं तिने ठरवलं, त्या क्षणी ते काम तिच्या दृष्टीने झाल्यातच जमा होतं.

चोरून का, ते सांगायला हवं. सरोज खांबेटे म्हणजे सरलाच्या शेजारच्या ब्लॉकमधल्या मावशी. मूळच्या मिरजेच्या, वय अडुसष्ट. मुलगा अविनाश हवाई दलात होता, त्याच्याबरोबर चार वर्षांपूर्वी चंदीगडला आल्या आणि इथल्या मराठी मंडळींच्या मुलींना गाणं शिकवू लागल्या. गायच्या त्या सुरेख, पण टेपरेकॉर्डर दिसला की तोंड मिटायच्या.

"गाणं म्हणजे काय लोणचं आहे, बरणीत भरून ठेवायला?" त्या म्हणायच्या. "ज्याला ऐकायचंय त्याने समोर येऊन बसावं."

सरला समोर जाऊन बसायची. दर शनिवारी दुपारी चारला. खरं तर तिला गाण्यातलं काही कळत नव्हतं. पण मावशींची एक छोटीशी बंदिश होती, मुलतानी रागातली, जेमतेम पाच मिनिटांची. दिवस कलला, तू अजून कसा आला नाहीस, एवढाच काय तो तिचा अर्थ. ते एकोणनव्वद साल होतं, पंजाबातल्या दहशतवादाचे दिवस. कृष्णकांत मोहालीच्या एका कारखान्यात नोकरीला होता आणि स्कूटरने जायचा-यायचा. वाटेत नाके, वाळूची पोती, झडती. सहाचे सव्वासहा झाले की सरला गॅलरीत येऊन उभी राहायची आणि साडेसहाला स्कूटर दिसली की आत जाऊन भाजी ढवळत बसायची, जणू ती तिथून हललीच नव्हती. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काही मोजलेलं नव्हतं. पण मावशी ती बंदिश गायला लागल्या की तिला वाटे, आपलंच कुणीतरी बोलतंय.

आणि अविनाशची बदली झाली. बिदरला. गणपती संपले की दुसऱ्याच दिवशी गाडी.

"मंडळाच्या कार्यक्रमात मावशी शेवटचं गाणार," सरलाने कृष्णकांतला सांगितलं. "मी टेप करणार आहे."

"त्यांना विचारलंस?"

"नाही म्हणतील."

"मग?"

"मग विचारायचं कशाला?"

कृष्णकांतने वर्तमानपत्र खाली केलं. "सतरा वर्षांत तुझं हे पहिलं अशास्त्रीय वाक्य."

पण तयारी मात्र पूर्ण शास्त्रीय होती. सरलाने वही काढली. शनिवारी मावशी गात असताना तिने पदराआड स्टॉपवॉच धरलं, घरी येऊन तीन रकाने आखले आणि लिहिलं. लय : मिनिटाला ८४ मात्रा. वेळ पाच मिनिटं वीस सेकंद. पट्टी : काळी तीन. तिसरा रकाना होता भाव. तिथे ती बराच वेळ पेन धरून बसली आणि शेवटी लिहिलं, 'नंतर भरणे.'

मंगळवारी तिने सेक्टर बावीसच्या बाजारातून चार मोठे सेल आणले आणि वहीत नोंद केली, 'सेल : नवीन.' सेलवरच चालवायला हवं होतं, कारण टेपरेकॉर्डर स्टेजच्या खाली लपवायचा होता आणि तिथे प्लग नव्हता. मग चाचण्या सुरू झाल्या. माइक तोंडापासून दोन फुटांवर, चार फुटांवर, सहा फुटांवर. पंखा चालू, पंखा बंद. खाली सतरंजी, खाली स्पंज. मावशींच्या जागी कृष्णकांतला पाटावर बसवून त्याच्याकडून रामरक्षा म्हणवून घेतली. अकरा चाचण्या झाल्या. प्रत्येक चाचणी पूर्ण टेप करायची, पूर्ण ऐकायची.

"अगं, माझा घसा बसला," कृष्णकांत म्हणाला.

"अजून एकदा. पडदा लावून."

अकराही चाचण्या उत्तम आल्या. यंत्र चुकत नव्हतं.

कार्यक्रम रविवारी दुपारी तीनचा होता. एरवी गणपतीचे कार्यक्रम रात्री रंगायचे, पण त्या वर्षी परवानगीच सहाच्या आतली होती. दारात दोन पोलीस बसले होते आणि पर्स उघडून बघत होते. सरला मात्र सकाळीच स्टेज सजवणाऱ्या बायकांबरोबर आत आली होती. स्टेज म्हणजे सहा लाकडी तख्तपोस एकमेकांना लावलेले, वर पांढरं जाजम. त्याखाली तिने टेपरेकॉर्डर ठेवला. हादरे बसू नयेत म्हणून स्पंजमध्ये गुंडाळलेला, विजेची घरघर येऊ नये म्हणून वरून चंदेरी कागदात लपेटलेला, एक लाल दिवा आणि फटीतून वर गेलेली काळी वायर. ती दोन पावलं मागे सरकून समाधानाने बघत राहिली. त्या वर्षी चंदीगडमधली शाळेतली पोरंही एका दृष्टिक्षेपात सांगू शकली असती, की ही वस्तू कशासारखी दिसते. बसमध्ये, सिनेमात, भिंतीवर तेच ऐकू यायचं आणि तेच लिहिलेलं असायचं : बेवारस ट्रान्झिस्टर, डबा, ब्रीफकेस यांना हात लावू नका. सरलाला ते आठवलं नाही, कारण तिच्या दृष्टीने ती वस्तू बेवारस नव्हती. तिची होती.

साडेतीनला मावशी बसल्या. त्याआधी सरलाने हार सरळ करायच्या निमित्ताने वाकून बटण दाबलं होतं. मावशींची सहा वर्षांची नात लीना पहिल्या रांगेत बसून म्हणत होती, "दादी, जल्दी करो ना, फिर हमारा डान्स है." मावशींनी तिच्याकडे दुर्लक्ष केलं, तानपुऱ्याकडे कान दिला आणि सुरुवात केली.

त्या दिवशी त्या जशा गायल्या तशा शनिवारीही कधी गायल्या नव्हत्या. घाई कशाची ती नव्हती. दुपार भिंतीवरून खाली उतरत होती आणि सूर तिच्याबरोबर उतरत होता. सरलाने पदराआड गळ्यातलं स्टॉपवॉच सुरू केलं होतं, ते बंद करायला ती विसरली.

पुढे लीनाचा डान्स होता. मंडळाचे सेक्रेटरी दिगंबरपंत नारळाचं पोतं घ्यायला स्टेजखाली वाकले. सरळ झाले तेव्हा त्यांचा चेहरा जाजमासारखाच पांढरा पडला होता. पण पंत मुरलेले सेक्रेटरी. त्यांनी माइक हातात घेतला आणि गोड आवाजात म्हणाले, "मंडळी, एक छोटासा बदल. प्रसादाचं वाटप आत्ताच, बाहेर मैदानात होईल. मोदक मर्यादित आहेत."

दीडशे माणसांचा हॉल दीड मिनिटात रिकामा झाला. पोलिसांना नंतर फार आश्चर्य वाटलं; इतक्या शिस्तीने आणि इतक्या वेगाने बाहेर पडलेला जमाव त्यांनी पाहिला नव्हता.

सरलाही मोदकाच्या रांगेत उभी राहिली. टेपरेकॉर्डर सुखरूप आहे, गर्दी पांगली की काढू, असा तिचा हिशेब. तेवढ्यात पंत धापा टाकत आले.

"सरलावहिनी, मागे व्हा. आणखी मागे. स्टेजखाली बाँब आहे."

"काय?"

"डोळ्यांनी पाहिला मी. चांदीसारखा. लाल दिवा लागलाय. अहो, सरोजमावशी त्याच्यावर बसून गायल्या!"

सरलाचा मोदक हातातच राहिला. दहा मिनिटांत जीप आली. एक सरदारजी इन्स्पेक्टर उतरले, दोरी बांधली गेली, वाळूच्या बादल्या आल्या, पाण्याचं पिंप आलं. पगडीवर हेल्मेट बसत नाही म्हणून कुरकुरणारा एक जवान लांब बांबूला आकडा बांधून आत गेला आणि ती चंदेरी वस्तू इंचाइंचाने ओढत पायरीपर्यंत घेऊन आला. मैदानाच्या टोकाला, फाटकापाशी, मावशी लीनाला पोटाशी धरून उभ्या होत्या.

सरला गप्प होती. बोलावं तर मावशींना कळणार. न बोलावं तर काय होणार, ते इन्स्पेक्टरसाहेबांनी तिच्यादेखतच सांगितलं. "पहले पानी विच पाओ. पूरी रात भीगने दो. सवेरे देखेंगे."

कॅसेट पाण्यात पूर्ण रात्र. चार मिनिटं अकरा सेकंद ती गप्प राहिली. गळ्यातलं स्टॉपवॉच चालूच असल्यामुळे हे तिला नंतर नेमकं सांगता आलं. मग ती दोरी ओलांडून पुढे गेली.

"वो मेरा है."

इन्स्पेक्टर वळले. समोर चष्मा, सुती साडी, हातात मोदक. "क्या है जी?"

"गाना है."

"गाना है तो छुपाया क्यों?"

सरलाने फाटकाकडे पाहिलं. मैदानात कुणी खोकतही नव्हतं. "जिनका गाना है, उन्हीं से छुपाया था."

इन्स्पेक्टरनी तिच्याकडून कागद सोडवून घेतला, स्पंज सोडवून घेतला, टेप मागे नेऊन बटण दाबायला लावलं. तानपुरा वाजला. मावशींचा आवाज आला, जसाच्या तसा, एक ओळ. "ठीक है, ठीक है," इन्स्पेक्टर म्हणाले आणि त्यांनी स्वतःच बंद केलं. "बहनजी, पढ़े-लिखे होकर ऐसा मत किया करो." कृष्णकांतने पुढे होऊन माफीचा कागद लिहून दिला.

फाटकापाशी मावशींना त्यातलं गाणं ऐकू गेलं नव्हतं. पण सरलाचं बोलणं मात्र गेलं होतं. त्या "चल लीना," एवढंच म्हणाल्या आणि निघाल्या. लीनाचा डान्स राहिला तो राहिलाच.

दुसऱ्या दिवशी सरला माफी मागायला गेली. घरभर ट्रंका, सुतळी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली भांडी. मावशी तानपुऱ्याला गोधडी गुंडाळत होत्या.

"मावशी, चुकले मी."

"बस. चहाचं भांडं बांधलंय, चहा नाही मिळायचा." मग गोधडीला गाठ मारून म्हणाल्या, "आणलंयस का ते?"

सरलाने पिशवीतून टेपरेकॉर्डर काढला.

"लाव. एवढे पोलीस बोलावून चोरी केलीस, काय चोरलंस ते कळू दे तरी."

त्यांच्या आवाजात राग कमी आणि उत्सुकता जास्त होती. अडुसष्ट वर्षांत त्यांनी स्वतःचं गाणं ऐकलं नव्हतं. सरलाला हायसं वाटलं. तिने वायर प्लगमध्ये घातली, म्हणजे सेलचा भरवसा नको, आणि बटण दाबलं.

तानपुरा वाजला तो माशी घोंगावल्यासारखा. आणि मग कुणीतरी बाई गायला लागली. बारीक, तरतरीत, चुणचुणीत आवाज. बस फलाटाला लागलेली असताना तिकीट काढायचं राहिलं असेल, तर माणूस जसा बोलेल तशी ती गात होती. दिवस कलला, तू अजून कसा आला नाहीस, हे ती अशा खुशीत विचारत होती, की न आलास तरी काही बिघडत नाही. तबला मागून दुडुदुडु धावत होता. ट्रंकेवर बसलेली लीना टुणकन उतरली आणि हात वर करून नाचायला लागली.

"दादी, ये तो पक्का डान्सवाला गाना है!"

सरला टेपरेकॉर्डरवर वाकली. "मावशी, हे असं नव्हतं. काल मैदानात बरोबर वाजलं होतं. यंत्रात काहीतरी बिघाड—"

"यंत्र चुकत नाही असं तूच म्हणतेस ना गं?"

मावशींनी गाणं शेवटपर्यंत ऐकलं. लीनाला गरगर फिरताना पाहून मध्येच त्यांना हसू आलं. पण गाणं संपलं तेव्हा त्या गोधडीची गाठ पुन्हा सोडून पुन्हा बांधत होत्या.

"चंदीगड सोडायची मला एवढी घाई झाली होती होय?" त्या म्हणाल्या. आणि मग अगदी हळू, "आपलं आपल्याला ऐकू येत नाही, हेच खरं. वय झालं म्हणायचं."

"नाही हो मावशी—"

"असू दे. ही कॅसेट ठेव तुझ्याकडेच. मला नको."

त्यांची गाडी वेळेवर सुटली.

पुढच्या रविवारी दुपारी वीज गेली. सरलाला चैन पडत नव्हतं. रोज एकदा ती कॅसेट लावून अपराध्यासारखं ऐकायची तिला सवय लागली होती. टेपरेकॉर्डरचे सेल कृष्णकांतने फेकून दिले होते. तिने मोठ्या टॉर्चमधले चारही काढून घातले. टॉर्च आठवडाभर काजव्याएवढा उजेड देत होता.

आणि मावशी गायल्या. त्याच दुपारच्या. भिंतीवरून हळूहळू उतरणाऱ्या.

सरलाने स्टॉपवॉच आणलं. पाच मिनिटं एकोणीस सेकंद. वीज आल्यावर प्लग लावून पुन्हा मोजलं, चार मिनिटं एकोणतीस. तिने भागाकार केला. वही उघडली. 'सेल : नवीन' ही तिचीच नोंद तिच्याकडे बघत होती. मंगळवारी नवीन होते. मग अकरा चाचण्या.

"अहो, सेल दमले होते," ती कृष्णकांतला म्हणाली. "टेप हळू फिरली. हळू फिरलेल्या टेपवर भरलेलं गाणं नीट वेगाने वाजवलं की लय वाढते आणि पट्टीसुद्धा चढते. चौऱ्याऐंशीच्या शंभर मात्रा. काळी तीनची पांढरी सहा. आकडे तंतोतंत जुळतात."

"मग चाचण्यांत कसं कळलं नाही?"

"भरतानाही तेच सेल आणि ऐकतानाही तेच सेल. दोन्ही सारखेच दमलेले. चूक चुकीशी जुळत होती."

कृष्णकांतने थोडा विचार केला. "म्हणजे सेल चांगले आहेत की नाहीत हे तपासता तपासता तू ते संपवलेस."

सरलाने मान हलवली. इतकं अचूक वाक्य तिला स्वतःला सुचलं नसतं.

तिने बिदरला पत्र लिहिलं. चार पानं, आकृतीसह. चूक तुमच्या गळ्याची नाही, माझ्या सेलची आहे, हे वाक्य तिने दोनदा लिहिलं आणि दोन्ही वेळा खाली रेघ ओढली. कॅसेटची नक्कल करून घेतली. ती नीट वाजावी म्हणून अर्धे संपलेले चार सेल निवडले, कापसात गुंडाळले, चंदेरी कागद मुद्दाम टाळला आणि पार्सल घेऊन पोस्टात गेली.

"इसमें क्या है जी?" खिडकीतल्या बाईने विचारलं.

"एक कैसेट. और चार सेल."

"सेल?" बाईने पार्सलवरचा हात काढून घेतला. "ना जी. सेल नहीं जाएँगे. ऑर्डर है."

"पुराने हैं. खत्म होने वाले हैं."

"फिर भेजते क्यों हो?"

त्या प्रश्नाचं उत्तर चार पानांचं होतं आणि मागे रांग होती. शिवाय बंदूकधारी जवान उठून तिच्याकडे बघायला लागला होता. सरलाने सेल काढून पर्समध्ये टाकले आणि पत्राच्या शेवटी लिहिलं : 'मावशी, तिथे जुने सेल मिळाले तर त्यावरच ऐका. अगदी संपत आलेले बघा. तेव्हा कळेल तुम्ही कशा गायलात.'

उत्तर यायला दीड महिना लागला. पोस्टकार्ड होतं.

'चि. सरलास आशीर्वाद. कॅसेट आणि पत्र पोचलं. आकृती काही कळली नाही, पण तुझा जीव त्यात अडकला आहे एवढं कळलं, तो सोडवून घे. मी तुझ्यावर रागावलेली नाही. जुन्या सेलचं म्हणतेस, तर अविनाशने नवा टेप घेतला, तो नुसता विजेवर चालतो, त्यात सेल घालायची सोयच नाही. गाणं मात्र रोज लागतं. लीनाने तिथे राहिलेला डान्स इथे शाळेत त्याच गाण्यावर केला आणि तिला दुसरं बक्षीस मिळालं. सगळे विचारत होते, गाणारी बाई कोण. मी सांगितलं नाही. कृष्णकांत वेळेवर घरी येतात ना? तू दर शनिवारी सहाच्या आत उठायचीस, माझ्या लक्षात होतं.'

सरलाने कार्ड दोनदा वाचलं. सव्वासहा वाजले होते. ती गॅलरीत गेली, स्कूटर दिसेपर्यंत उभी राहिली आणि या वेळी भाजी ढवळायला आत पळाली नाही.

मग तिने वही उघडली. मुलतानीच्या पानावर तिसरा रकाना अजून रिकामाच होता. 'नंतर भरणे' हे शब्द तिने खोडले आणि शास्त्रज्ञाने लिहावं तसं, सुवाच्य अक्षरात लिहिलं :

'भाव : सेलवर अवलंबून.'